दुसरा आलेख

उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममधला तो रेणू तिला आधी मोठा कामसू वाटला होता. अतिनील किरण गिळायचा आणि त्यांची ऊब करून सोडून द्यायचा. पहिला आलेख तसाच सुरेख आला. पण तिने संगणकावर गणित पुढे रेटलं आणि बेट्याचं बिंग फुटलं. ऊन खाता खाता त्याचा एक हायड्रोजन जागा बदलायचा, आणि त्या नव्या रूपात तेच किरण त्याच्या अंगावरून खुशाल निघून जायचे. तो दुसरा आलेख.

"क्रीमच्या कंपनीला मी स्वतः दाखवतो," सर म्हणाले होते. त्यांनीच तिला या विषयात बोट धरून आणलं होतं. तिने डोळे झाकून दोन्ही आलेख दिले आणि ती निश्चिंत झाली.

उन्हाळा सरत आला तेव्हा ती ताईकडे गेली. ताई उघड्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तिची कातडी नाजूक, डॉक्टरांनी दुपारचं ऊन बंद केलेलं. तरी आज तिचे खांदे लालबुंद होते.

"दुपारचे वर्ग पुन्हा सुरू केले," ताई खुशीत म्हणाली, आणि नव्या क्रीमचं खोकं तिच्या हातात दिलं. खोक्यावर पहिला आलेख होता. फक्त पहिला. खाली सरांचं नाव, आणि त्याच्याही आधी तिचं.

तिथूनच तिने फोन लावला.

"सर, दुसरा आलेख?"

"अगं, तो एकट्या रेणूचा. खऱ्या क्रीममध्ये इतर दहा गोष्टी असतात, सांभाळून घेतात."

"पहिलाही एकट्या रेणूचाच होता, सर."

मग सरांनी नेहमीच्या मायेने विचारलं, "तुझं नाव पहिलं घातलंय, पाहिलंस ना?"

तिने फोन ठेवला. याच माणसाला ती बापाच्या जागी मानत आली होती, याची तिला किळस आली.

"ताई, हे लावू नकोस. उन्हात ते टिकत नाही."

"पण मी तुझं नाव बघूनच घेतलं," ताई म्हणाली. मग तिच्याकडे बघत राहिली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षापासून."

ताईने खांद्यावर ओढणी घेतली आणि ती आत गेली.