आत्यालाही माहीत नसलेली बशी

कल्पना करा, तुमच्यासमोर काचेची एक बशी आहे, कपाच्या बशीहून लहान. तिच्यात हृदयाच्या पेशींचा पातळ थर आहे, आणि भोवती शरीर नसतानाही तो आपला आपण धडधडतोय. दिसला? मग आता ठकीच्या शेजारी येऊन बसा.

ठकीच्या बाबांच्या हृदयाला रक्त कमी पोचायचं. जिना चढताना ते मध्येच थांबत आणि म्हणत, "जरा भिंत बघतोय." त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही, हे ठकीला कधीच कळून चुकलं होतं. म्हणूनच सुट्टीत ती हट्टाने आत्याच्या प्रयोगशाळेत आली होती.

आत्याने दोन बश्या सूक्ष्मदर्शकाजवळ ठेवल्या. "दोन्हींना प्राणवायू कमी दिलाय. एकीत पेप्टाइडचे थेंब आहेत."

"म्हणजे?"

"प्रथिनाचा इवलासा तुकडा. शरीरात संप्रेरकं निरोप घेऊन फिरतात ना, त्यांचा हा चुलतभाऊ. तो पेशींना तग धरायला मदत करत असावा, असं आम्हाला वाटतं. दुसरीत नुसतं खारट पाणी."

"कुठली कुठली?"

"ते शेजारच्या खोलीतल्या काकांना ठाऊक, थेंब त्यांनी घातलेत. मला नाही."

"तुझाच प्रयोग आणि तुलाच माहीत नाही? वा गं वा!"

"जास्त शहाणपणा नको. ठोके मोज."

पहिली बशी ठकीला जरा तरतरीत वाटली. हीच औषधाची, तिने मनाशी पक्कं केलं. मग त्या बशीतली बारीकशी हालचालही ठोका ठरली. दुसरीतल्या पेशी थरथरल्या, की ती पुटपुटे, "छे, हा नाही धरायचा."

आत्याने आकडे पाहिले आणि स्वतः डोळा लावला. "ठकूबाई, इथली थरथर म्हणजे ठोका, आणि तिथली नाही? हा कुठला न्याय?"

ठकीचा चेहरा एवढासा झाला. "औषध चाललं, तर बाबांना मिळेल ना?"

"खोट्या ठोक्यांवर चाललेलं औषध बाबांच्या काय कामाचं?" आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हणून तर मी काकांना विचारत नाही. कळलं, तर मीही तुझ्यासारखंच मोजेन. भाऊ माझाच आहे गं."

ठकीने आपले आकडे खोडले, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "बश्यांची अदलाबदल कर, आत्या. कुठली कुठे ठेवलीस, ते मला सांगू नकोस."

मग ती परत आली आणि पहिल्यापासून मोजू लागली.