दुपारी न ऐकणारा टीव्ही

छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाबांना हल्ली स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. कारण तसं क्षुल्लक. दुपारी जेवून ते टीव्हीसमोर बसत, रिमोट दाबत आणि टीव्ही ढिम्म. सेल बदलले तरी ढिम्म. संध्याकाळी लेक कामावरून आली, की तिच्या एका बोटासरशी सुरू.

"बाबा, दुसरंच बटण दाबत असाल," ती पहिल्यांदा हसून म्हणाली. चौथ्यांदा हसली नाही. त्यातच बाबांनी दूध करपवलं, आणि तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबांनी मुकाट मान डोलावली, पण त्यांचं धाबं दणाणलं होतं. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तो आरशातल्या स्वतःला पाहुणा समजून बसायला सांगायचा.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दुपारी त्यांनी लेकीला न सांगता टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट दाबला. मोबाइलच्या पडद्यावर जांभळा ठिपका लुकलुकला.

"रिमोट ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी टीव्हीच्या खालच्या कडेवर हाताची सावली धरली. "आता दाबा, काका."

टीव्ही लागला. सावली काढली, कितीही दाबलं तरी बंद होईना.

"इथे टीव्हीचा डोळा असतो," बाई म्हणाल्या. "रिमोटचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण तो ठरावीक वेगाने लुकलुकतो. हा डोळा तेवढंच ओळखतो. थेट ऊन पडलं की बिचारा दिपून जातो. खिडकीचा पडदा काढलाय का?"

"महिना झाला. शिवायला टाकलाय." बाबांनी हातातला रिमोट उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे मी बटण बरोबरच दाबत होतो?"

"अगदी बरोबर."

बाबा खुर्चीत टेकले. बाईंना त्यांनी आणखी तीनदा सावली धरायला लावली. मग लेकीला फोन करून सगळं सांगितलं.

पलीकडे तिने नाक ओढलं. "आणि दूध?"

"दूध मी लग्नाआधीपासून करपवतोय."

डॉक्टरांकडे दोघं तरीही गेले. तपासून डॉक्टरांनी वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेर पडल्यावर लेक रिक्षाला हात करणार, तोच बाबा म्हणाले, "चालत जाऊ." वाटेत ती ऑफिसातल्या गमती सांगत राहिली, कितीतरी दिवसांनी.