पायाशी ठेवलेली जागा

मी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. नवं औषध खरंच लागू पडलं की नुसता योगायोग, हे पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं घडण्याची शक्यता, काढून सांगणं हे माझं काम. डॉक्टर मंडळी येतात आणि भाजीवालीशी घासाघीस करावी तसं विचारतात, "जरा कमी करता येईल का?" मी साफ नाही म्हणते. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी सहसा कुणी बसत नाही.

घरीही कुणी नाही. बाबा आहेत, पण ते शुश्रूषागृहात, आणि त्यांची स्मृती वर्षभरापासून विरत चाललीय. त्यातच साहेबांनी मला दुसऱ्या शहरातली वरची जागा देऊ केली. होकार की नकार, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. "अगं, ते तुला ओळखतही नाहीत," दादा फोनवर म्हणाला. "कुणासाठी थांबतेयस?" त्याचं काय जातंय बोलायला? तो वर्षातून एकदा येतो. पण प्रश्न मनात घर करून बसला. मग मला जे येतं तेच मी केलं.

आठ चिठ्ठ्या केल्या. चारांवर मी, चारांवर तिथली नर्स. रोज पाच वाजता एक उचलायची. जी निघेल तिने आत जाऊन "मी कोण?" विचारायचं, दुसरीने दाराआडून उत्तर टिपायचं. बाबा अंदाजाने ठोकून देतात असं धरून चालायचं, आणि पी-व्हॅल्यू शंभरात पाचाच्या खाली आली तरच ते मानणं सोडायचं. तसं झालं तर थांबायचं, नाहीतर जायचं. नियम आधीच वहीत लिहून खाली सही केली.

चार दिवस मी दाराबाहेर उभी राहिले. त्यातल्या एका दिवशी बाबा नर्सला म्हणाले, "तू माझी मुलगी." ते टिपताना मला तिचा चक्क हेवा वाटला. आणि एकदा मला म्हणाले, "नर्सबाई, खिडकी लावा." मी लावली.

आठात सहा उत्तरं बरोबर. पी-व्हॅल्यू शंभरात चोवीस. म्हणजे नुसत्या अंदाजानेही चारातून जवळजवळ एकदा इतकं जुळून आलं असतं.

"म्हणजे ओळखत नाहीत?" नर्सने विचारलं.

"तसं नाही म्हणता येत. ओळखतात असं म्हणायला पुरावा कमी पडला, एवढंच."

"मग एवढा खटाटोप करून कळलं काय, ताई?"

कप्पाळ! आठ निरीक्षणांत बारीक फरक सापडत नसतो, हे मी नवख्यांना घसा कोरडा पडेस्तोवर शिकवते. पुरावा सापडला नाही म्हणजे गोष्टच नाही, असं धरायचं नसतं. आणि स्वतःच्या वहीत मात्र 'नाहीतर जायचं' असं लिहून बसले होते.

नर्स वळता वळता म्हणाली, "पण तुम्ही आत गेलात की ते पाय आखडून घेतात. पायाशी जागा करतात. चारही वेळा. माझ्या वेळी एकदाही नाही."

चारात चार! पी-व्हॅल्यू शंभरात दीडही भरत नाही. पण हा निकष आधी ठरला नव्हता. आकडे पाहून मागाहून निकष निवडणं ही लबाडी, आणि त्याच कारणावरून मी लोकांचे अहवाल परत पाठवते. बाबांसाठी सूट कशी घेऊ? नवी चाचणी हवी, नवे आठ दिवस हवेत. शुक्रवार तर परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी न उचलताच आत गेले. बाबांनी पाय आखडले. मी पलंगाच्या कडेला बसले.

"बसा बाई," ते म्हणाले. "पण ती जागा माझ्या मुलीची आहे. ती आली की उठावं लागेल."

मी विचारलं, "उशीर झाला वाटतं तिला?"

"येईल. आकडेमोडीत गुंतली की तिला कसलंच भान राहत नाही."

शुक्रवारी मी नकार कळवला. साहेबांनी कारण विचारलं, तर दाखवण्यासारखा पुरावा माझ्याकडे नव्हता. पाच वाजता बाबांच्या पायाशी जाऊन बसले आणि दोघं मिळून तिची वाट पाहत राहिलो.