रोलाची जीभ

दोन सख्ख्या भावांचे वैर जवळून पाहावयाचे असेल, तर मनुष्याने त्यांच्या दुकानाशेजारी फ्रेमा करण्याचा धंदा टाकावा. माझे दुकान आणि त्यांचा फोटो स्टुडिओ यांमध्ये केवळ एक फळी आहे. शिवाय थोरल्यास माझी बहीण दिलेली आहे. त्यामुळे जे फळीतून ऐकू येत नसे, ते ताईकडून कळत असे.

थोरले, म्हणजे माझे दाजी, वडिलांच्या हातचा कॅमेरा वापरीत. त्यात सेल नाही की दिवा नाही. अंगठ्याने खटका ओढावा, बोटाने कळ दाबावी आणि आतील चक्रांनी आपले काम करावे, असा तो किल्लीच्या घड्याळासारखा सरळमार्गी जिन्नस. त्यावरून बाजाराने दाजींना 'किल्ली' म्हटले. धाकट्याचा कॅमेरा नवा, पडद्याचा, सेल चार्ज करून चालणारा. तो 'बटण'. दोघांनाही आपापले नाव ठाऊक होते आणि दोघेही एकमेकांस त्याच नावाने डिवचीत.

"तुझ्या यंत्राला आधी भिंतीतलं दूध पाजावं लागतं, मग ते डोळे उघडतं," दाजी म्हणत.

"आणि तुझं यंत्र अंधारात जाऊन बाळंत होतं. तोवर गिऱ्हाइकाचे केस पिकतात," बटण उत्तर देई.

भांडणाचे मूळ अंधारखोली हे होते. स्टुडिओच्या मागील बाजूस विटांची भिंत घालून ती खोली केलेली होती. दाजी तिच्यात फिल्म धूत. धाकट्यास ती भिंत पाडून तेथे छपाईचे यंत्र मांडावयाचे होते. एके दिवशी त्याने भिंतीवर खडूने भली मोठी फुली मारली आणि तिच्याखाली लिहिले, 'इथून फोडा'.

"हात लावून बघ भिंतीला," दाजी म्हणाले. "आधी तुझा हात फुटेल."

"दादा, तुझ्या कॅमेऱ्याचं भिंग आंधळं झालंय. धुरकट फोटो देतोस आणि त्याला जुनी मजा म्हणतोस. पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवतो, थांब."

"दाखव. तुला दिसत असेल तर दाखव."

त्यांच्या मातोश्री गल्ल्यापाशी बसून ओळखपत्रांचे फोटो कात्रीने कापीत असत. हे भांडण दोन दिवस ऐकून त्यांनी मान वर न करता निवाडा केला. गावाबाहेरील कोल्ड स्टोरेजमध्ये सर्व कामगारांचा एक मोठा फोटो काढावयाचा होता. मॅनेजरने दोघा भावांना बोलावले होते. ज्याचा फोटो तेथील कचेरीत लागेल, त्याचा शब्द दुकानात चालेल. थोरला जिंकला तर धाकट्याने आपले बिऱ्हाड व यंत्र उचलावे. धाकटा जिंकला तर भिंत पडावी.

"आणि मधे कोणी कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर कात्री माझ्या हातात आहे."

येथे स्टुडिओतील एक रीत सांगणे अगत्याचे आहे. दाजी मोठ्या डब्यातील फिल्म कापून लहान डब्यांत स्वतः भरीत. त्यामुळे कोरा रोल आणि काढून झालेला रोल बाहेरून सारखेच दिसत. खूण एकच. डबीच्या फटीतून फिल्मचे टोक बाहेर लोंबत असेल, तर रोल कोरा. त्या टोकास ते 'जीभ' म्हणत. रोल संपला की जीभ पूर्णपणे आत गुंडाळावयाची, हा वडिलांपासूनचा नियम. ताई म्हणत असे, "या घरात रोलाला तेवढी अक्कल आहे. बोलून झालं की जीभ आत."

ठरल्या दिवशी मीही तिवई उचलून त्यांच्यासमवेत गेलो, कारण फ्रेमेचे माप मला घ्यावयाचे होते. कोल्ड स्टोरेजचे जाड दार मागे बंद झाले आणि नाकातील केसदेखील ताठ झाले. गोठवलेल्या मटारांच्या खोक्यांची छतापर्यंत रास होती. कामगार जाड कोट घालून जमू लागले. पण एक आला की दुसरा जाई, आणि रांग लागता लागता पुष्कळ वेळ गेला. तोवर बटणाचा कॅमेरा उघड्यावर तिवईवर थिजत उभा होता आणि त्याची पिशवी खाली लादीवर पडली होती.

प्रथम मान धाकट्यास मिळाला. त्याने कळ दाबली. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. त्याने पिशवीतून दुसरा सेल काढून घातला. तोही लादीवर गारठून मेला होता.

"काय झालं?" मॅनेजरने विचारले.

"थंडीने जरा..."

"बाळाला दूध नाही मिळालं," दाजी सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कोणी तरी त्याला छातीशी धरा हो!"

सर्व कामगार हसले. धाकट्याचा चेहरा थंडीने पांढरा होता, तो लाल झाला. त्याने सेल खरोखरच शर्टाच्या आत काखेत धरला होता. त्यामुळे हसणे अधिकच वाढले.

दाजींनी आपला कॅमेरा तिवईवर चढविला. गारठ्यात फिल्म कडक होऊन तुटते, म्हणून त्यांनी खटका अगदी हळू ओढला. "हलू नका, श्वास धरा," अशी आज्ञा देऊन त्यांनी कॅमेऱ्याची झडप कधी कमी, कधी जास्त वेळ उघडी ठेवून बरेच फोटो घेतले. प्रत्येक वेळी चक्रांचा आवाज त्या बर्फाळ खोलीत स्पष्ट ऐकू येई, आणि प्रत्येक आवाजागणिक दाजी धाकट्याकडे पाहत. त्यांच्या मुखावर जो आनंद होता तो फोटो निघाल्याचा नव्हता, असे मला नाइलाजाने नमूद करावे लागते.

परतताना ते म्हणाले, "बिऱ्हाड बांधायला दोर हवा असेल तर मेहुण्यांकडून घे. त्यांच्याकडे फ्रेमा टांगायचा चांगला दोर आहे."

धाकट्याने काखेतील सेल काढून पिशवीत टाकला.

दाजी अंधारखोलीत शिरले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला. नंतर तो थांबला, आणि मग अशी एक शिवी बाहेर आली की मातोश्रींची कात्री फोटोतील एका सभ्य गृहस्थाच्या कानावरून गेली.

आम्ही आत धावलो. दाजींच्या हातात ओली फिल्म होती. मी ती उजेडासमोर धरली. कामगार होते, खोकी होती. पण त्या सर्वांच्या अंगावरून विटांच्या रांगा गेल्या होत्या. छातीतून विटा, तोंडातून विटा, आणि मधोमध ती फुली. तिच्याखालील अक्षरेही वाचता येत होती. प्रत्येक चौकटीत तेच. एकाच फिल्मवर दोनदा फोटो निघाले होते.

"माझा कॅमेरा कोणी उचलला होता?" दाजींनी विचारले.

धाकटा दारात उभा होता. "मी. भिंग आंधळं आहे हे आईला दाखवायचं होतं. भिंग तपासायला विटांच्या भिंतीचाच फोटो काढतात ना? निवाड्याच्या आधीच काढला होता. अख्खा रोल."

"मग तो कोऱ्या रोलांत कसा आला?"

"गुंडाळून खणात टाकला. धुवायला तूच हवास, आणि तुला सांगणार कोण?"

"जीभ?"

"कसली जीभ?"

"जीभ आत घेतली नाहीस, गाढवा! बाहेर ठेवलीस!"

"मला कोण सांगणार जिभेचं? या खोलीत पाय ठेवला की तू अंगावर धावून येतोस."

दाजींनी फिल्म त्याच्या नाकासमोर नेली. "बघ. नीट बघ. विटेचं छिद्र न् छिद्र दिसतंय. तुझ्या खडूचा कणसुद्धा. आंधळं भिंग, नाही का?"

धाकट्याने पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. "भिंग चांगलं आहे," तो म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, "त्यामागचा माणूस आंधळा आहे. रोल भरताना बघत नाही."

मी मध्ये पडलो नसतो तर फिल्मप्रमाणे आणखीही काही ओले झाले असते.

दाजींनी हट्टाने एक फोटो छापून मॅनेजरकडे नेला. फुली हलक्या हाताने झाकता येईल अशी त्यांची आशा होती. मॅनेजर भडकला. "माझी माणसं भिंतीत चिणलीत की हो तुम्ही! वर फुली, खाली 'फोडा'! हे बघून उद्या एक जण कामाला येईल का?" त्याने खिशातून मोबाईल काढून दाखविला. आम्ही आत असतानाच त्याने एक फोटो घेऊन ठेवला होता. मोबाईल त्याच्या कोटाच्या आत, अंगाशी, उबेत होता. कचेरीत तोच लागला, आणि फ्रेम मीच केली. धंद्यास नाही म्हणता येत नाही.

मातोश्रींनी दोघांस उभे केले. "कोणाचा फोटो लागला?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

"मग भिंतही राहील आणि धाकट्या, तूही राहशील. मी आहे तोवर दोघं इथेच एकमेकांना चावा."

तेव्हापासून दाजी सकाळी येतात आणि प्रथम ओल्या फडक्याने भिंतीवरील फुली पुसतात. दुपारी ते जेवावयास गेले की बटण ती पुन्हा काढतो, आणि खाली तेच शब्द लिहितो. त्यांचे परस्परांशी तेवढेच बोलणे उरले आहे. खडू तो माझ्या दुकानातून नेतो. फडकेही माझेच आहे.