तांबडी रेघ

मी मंडळीची नोंदवही बोलतेय. छावणीतल्या लहानशा दगडी चर्चच्या मागच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे, त्याच्या अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. वाकल्याशिवाय मी दिसत नाही, आणि हल्ली माझ्यासाठी वाकतंय कोण?

एके काळी माझा तोरा काय होता म्हणून सांगू! रविवारी मला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आत नेत. बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं नाव माझ्यात चढेपर्यंत सगळी मंडळी उभी राहायची. हा मान त्या माणसाचा, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तो स्वतःच्याच खात्यात घालत होते.

माझा जन्म शहरातल्या गुलमंडी बाजारातला. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली होती. निजामाच्या कचेऱ्यांची उर्दू दप्तरं बांधण्यात जन्म घालवलेल्या एका म्हाताऱ्या जिल्दसाजानं मला शिवलं. पुठ्ठा जाड, पाठीला कातडं, शिलाई अशी की आजही एक पान सुटलेलं नाही. पण हाताला पडलेली सवय जाते कुठे? उर्दू वही उजवीकडून उघडते, म्हणून त्यानं नावाची चिठ्ठी माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर डकवली. पाळक तात्यासाहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि हसून म्हणाले, "असू दे. आपल्याकडे शेवटच्यालाच पहिला मान असतो."

तात्यासाहेब माझे पहिले धनी. शाईच्या बाबतीत फार काटेकोर. सरकारी दप्तरात वापरतात तसली पक्की काळी शाई आणायची, बोरू नीट तासायचा आणि एकेक नाव सावकाश काढायचं. नाव, गाव, बाप्तिस्म्याची तारीख, लग्न, मृत्यू आणि शेवटी शेरा, असे माझे रकाने. उपदेशात ते कधी कधी स्वर्गातल्या पुस्तकाविषयी बोलत. ज्यात तारण पावलेल्यांची नावं लिहिलेली आहेत, ते जीवनाचं पुस्तक. कपाटात बसून मी ते ऐकायची आणि फुगायची. मला वाटे, ही आपलीच गोष्ट चालली आहे. हसू नका. कपाटातल्या वहीला जग तेवढंच दिसतं.

एकसष्ट साली बानाबाई माझ्या पानावर आली.

ती धनगराची. फुलंब्रीच्या पलीकडं तिच्या माणसांची मेंढरं. नवरा भिकन तापानं फणफणला, म्हणून त्याला शहरात आणलं, आणि आठव्या दिवशी तो गेला. पदरात दोन वर्षांची कस्तुरा. दवाखान्याच्या ओट्यावर ती भिंतीला टेकून बसलेली असताना आमच्या मंडळीतली सारजाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. सारजाबाईकडे सांगायला एकच गोष्ट होती, हरवलेल्या मेंढराची. शंभरातलं एक चुकलं, तर नव्व्याण्णव रानात ठेवून मेंढपाळ त्या एकासाठी निघाला.

बानाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सापडल्यावर हाणलं का त्यानं त्याला?"

"नाही गं. खांद्यावर घेतलं."

"मग त्यो खरा धनगर हाय," ती म्हणाली. तिचा विश्वास तिथंच सुरू झाला.

बाप्तिस्म्याच्या वेळी तात्यासाहेबांनी विचारलं, नवं नाव हवं का? तेव्हा पुष्कळजण घेत. ती म्हणाली, "नगं. हाक मारणारा जुन्याच नावानं मारील." म्हणून माझ्या सत्तावीस क्रमांकाच्या पानावर 'बानाबाई भिकन' असंच नाव चढलं. ते लिहिताना तात्यासाहेबांनी बोरू दोनदा बुडवला, म्हणून ते इतर नावांपेक्षा जरा ठसठशीत आहे.

बारा वर्षं ती दर रविवारी आली. चार घरची धुणीभांडी करून कस्तुराला शिकवत होती. गाणी म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा, आणि सूर मात्र कुणाच्याच मेळात नसायचा.

मग बहात्तरच्या दुष्काळाचा शेवटचा उन्हाळा आला. भाऊ मुंजाबाची मेंढरं पटापट मरायला लागली, तसा त्याचा निरोप आला. ती गेली. भावाच्या माणसांनी बिरोबाच्या ठाण्यावर भंडारा उधळला आणि तिच्याही कपाळाला लावला. तिनं हात जोडले. शनिवारी मुक्काम करून रविवारी सकाळी ती एसटीतून उतरली ती थेट उपासनेला. भांगात हळद तशीच.

दारात काकासाहेब उभे होते. हे मंडळीचे चिटणीस. पेशानं मास्तर, आणि मास्तरकी अंगात इतकी भिनलेली की, गाणं पुस्तकात एक आणि लोकांनी दुसरं म्हटलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. माणूस वाईट नव्हे. नियमाला मात्र जीव लावणारा.

त्यांनी ती हळद पाहिली आणि मंडळीच्या पंचांची बैठक बसली. तात्यासाहेबांनी तिला वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. "गर्दीत चुकून लागला असेल, बानाबाई."

"चुकून न्हाय, सायेब," ती म्हणाली. "म्या भ्याले. कोकरं डोळ्यांदेखत पाय खोडून मरत व्हती. म्या हात जोडले. खोटं कशापायी बोलू?"

खोटं बोलली असती तर सुटली असती. खरं बोलली, म्हणून ठराव झाला. सहा महिने शिस्तीखाली, तोवर प्रभुभोजन नाही, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला तिला नाही. सहा महिन्यांनी पंचांपुढे येऊन तिनं पुन्हा घ्या म्हटलं, की तिला घ्यायचंच. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं बारीक खूण करायची, एवढाच रिवाज होता.

पण काकासाहेबांच्या खिशात वह्या तपासायची तांबडी शाई होती. त्यांनी फूटपट्टी ठेवली आणि बानाबाईच्या नावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली. तिच्यादेखत. मग ठराव वाचून दाखवला, तोही असा पुस्तकी की 'षण्मास' आणि 'पुनर्प्रवेश' तिच्या डोक्यावरून गेले. तिला वाचता येत नव्हतं. रेघ मात्र दिसत होती.

मला सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी खूश होते. माझ्यात मारलेली रेघ म्हणजे स्वर्गात मारलेली रेघ, असंच मी समजत होते. माझं एक वेळ ठीक आहे, मी कागदाची. पण बानाबाईनंही तेच धरलं. खाली नाव कापलं म्हणजे वरही कापलं. सार्वकालिक जीवन मिळालं होतं ते गेलं, तिनं आपल्याच हातानं घालवलं.

पावसाळ्यात तात्यासाहेबांची बदली झाली. सहा महिन्यांनी तिला आठवण करून देणं काकासाहेबांचं काम होतं. आधी ते म्हणाले, तिनं आपण होऊन यावं. मग शाळेच्या परीक्षा आल्या. मग ते विसरले.

बानाबाई मात्र येत राहिली, हे मला आजही नवल वाटतं. तारण गेलं असं वाटणारं माणूस उपासनेला कशाला येईल? ती यायची. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. भाकर आणि प्याला फिरायला लागला की उठून बाहेर लिंबाखाली जायची. गाणं सुरू झालं की परत आत. आवाज तेवढा उतरला होता. नव्या लोकांना वाटे, म्हातारीला आत उकडत असेल.

अशी तेवीस वर्षं गेली. कस्तुराला वाळूजच्या कंपनीत काम लागलं, मायलेकी बजाजनगरात राहायला गेल्या. तिथूनसुद्धा दोन बस बदलून बानाबाई यायची.

शहाण्णव साली माझी पानं भरत आली. नवे पाळक तरुण होते. त्यांनी नवी वही आणली आणि एका शनिवारी दुपारी जुनी नावं उतरवायला बसले. काकासाहेब पंच्याहत्तरीला टेकलेले, तरी मदतीला होते. ते नाव वाचायचे, पाळक लिहायचे. सत्ताविसावं पान आलं तसे काकासाहेब थबकले. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. कस्तुराबाईचा हात धरून बानाबाई आली होती.

"सायेब, येक इचारायचं व्हतं," ती पाळकांना म्हणाली. "सोमवारी घाटीच्या दवाखान्यात माझं पोट फाडणार हायेत. गाठ हाय म्हंत्यात. त्याच्या आदी माझं नाव वहीत परत लिवता येईल का?"

"लिहू की. पण एवढी घाई का?"

"आसं काय करताव, सायेब? नाव नाय तर वर कोण घेणार मला? मरायला म्या भीत नाय. पर तिथं दारात हुबं ऱ्हायचं, आन् आत आदी गेलेली सारजाबाई आसंल..." कस्तुराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

काकासाहेबांचे हात माझ्या पानावर होते.

"बानाबाई," ते म्हणाले, "ती शिस्त सहा महिन्यांचीच होती. तुम्हाला कळवायचं माझ्याकडे होतं. मी कळवलं नाही. आणि ही रेघ मारायची गरजच नव्हती."

बाहेर लिंबावर कावळा ओरडत होता.

"तेवीस वर्सं, मास्तर," बानाबाई म्हणाली. एवढंच. कस्तुराबाईला मात्र राहवलं नाही. "आय रोज रात्री रडायची, मास्तर. रोज." काकासाहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

तरुण पाळकांनी मला बाजूला सरकवलं आणि बानाबाईला खुर्ची दिली. मला वाटलं, आता उपदेश. पण त्यांनी भलतंच विचारलं.

"तुमच्या घरी मेंढरं किती होती हो?"

"दोन इसा आन् दहा," ती डोळे पुसत म्हणाली. "पन्नास."

"मग लिहून ठेवायचात का?"

तिला हसूच आलं. "लिवणार कोण? मेंढरं काय लिवायची आसत्यात व्हय? तोंडावरनं वळखायची. काळतोंडी, कानफाटी, मुरडशिंगी. आंधारात हात फिरवला तरी कळतंय."

"एखादं घाबरून दुसऱ्याच्या कळपात शिरलं, तर?"

"लई बार शिरायचं. वीज कडाडली की बुजायचं."

"मग ते परकं झालं?"

"परकं कसं व्हईल? माझंच ना ते! जायाचं आन् वढून आणायचं."

"त्यानं आपण होऊन यायला नको?"

"मेंढराला काय वाट कळती, सायेब? धनगरानंच जायाचं आसतं. मेंढरू धनगराला धरून ऱ्हात नसतं, धनगरच मेंढराला..."

ती थांबली. तोंड तसंच उघडं राहिलं. ती माझ्याकडे, म्हणजे त्या रेघेकडे बघत होती.

"म्हंजी त्यानं मला सोडलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "म्या बुजले, तवाबी नाय."

"नाही," पाळक म्हणाले. "त्याच्या हातातून कुणी ओढून नेऊ शकत नाही. काकासाहेब नाही, मी नाही, तुमची भीतीसुद्धा नाही. त्यानं दिलेलं जीवन सहा महिन्यांच्या बोलीवर नसतं."

त्या क्षणी मला माझी जागा कळली. मी पुठ्ठा, कातडं आणि कागद. ते पुस्तक वेगळं आणि ते लिहिणारा हातही वेगळा. एवढा जन्म ताठ्यात गेला होता, पण वाईट वाटलं नाही. अंगावरचं ओझं उतरल्यासारखंच झालं.

नव्या वहीत बानाबाईचं नाव काकासाहेबांनी स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बानाबाई म्हणाली, "लिवा, मास्तर. आता नाय लिवलं तरी चालतंय, पर लिवा. तुमच्या जिवाला बरं वाटंल." दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला फिरला तेव्हा ती जागची उठली नाही. शेवटच्या बाकापर्यंत प्याला घेऊन काकासाहेब काठी टेकत गेले. त्या दिवशी गाण्यात एक आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर होता, आणि कुणाच्याच मेळात नव्हता.

गाठ निघाली. बानाबाई पुढं पाच वर्षं जगली. गेली तेव्हा मातीला सगळी मंडळी होती. मृत्यूची नोंद नव्या वहीत झाली. माझ्या पानावर तो रकाना कोराच राहिला आहे. माझ्यापुरती ती अजून मेलेली नाही, आणि मला वाटतं, या एका बाबतीत मी चुकत नाही.

नंतर मी खालच्या फळीवर गेले. एका पावसाळ्यात कपाटामागची भिंत झिरपली आणि माझी पानं महिनाभर ओली राहिली. मग कागद खाणारी कसर लागली. मागच्या वर्षी कस्तुराबाई आली, डोक्याचे केस पांढरे झालेले. म्हणाली, "आयचं जुनं नाव बघू द्या की येकदा." पाळकांनी मला फडक्यानं पुसलं आणि सत्ताविसावं पान उघडलं.

तांबडी रेघ नव्हती. पान थोडं गुलाबी झालं होतं, एवढंच. खाली पक्क्या शाईतलं 'बानाबाई भिकन' तसंच्या तसं, ठसठशीत. यात चमत्कार नाही. तपासायची शाई कच्ची असते, पाणी लागलं की उतरते. तात्यासाहेबांची उतरत नाही.

कस्तुराबाईनं नावावरून बोट फिरवलं. वाचलं नाही, नुसतं बोट फिरवलं, काळोखात मेंढरू ओळखावं तसं.

आता माझे दिवस थोडे राहिलेत. कसर कुणाचं नाव बघून खात नाही. माझी एकच विनंती आहे. कुठल्याही मंडळीत, कुठल्याही वहीत माणसाच्या नावावर रेघ मारायची वेळ आली, तर पेन्सिलीनं मारा. आणि सहा महिन्यांनी त्याच्या घरी जा. ते यायची वाट बघू नका.