लिकोच्या नाळेची जागा

नोहेआच्या तान्ह्या लेकीचा, लिकोचा पिको गळून पडला त्याला साडेतीन महिने होऊन गेले होते, आणि तो अजून औषधाच्या रिकाम्या बाटलीतच होता. पिको म्हणजे बाळाच्या बेंबीवरचा नाळेचा सुकलेला तुकडा, मनुक्याएवढा. तो बाटलीत ठेवायचा नसतो. नोहेआच्या घरातल्या सगळ्यांचे पिको किनाऱ्यावरच्या एकाच टेकाडावर आहेत. जुना, गुळगुळीत, काळा लाव्हा, आणि त्यात प्रत्येक मुलासाठी कोरलेली एकेक वाटी. आत पिको, वर खडा. टूटूचा तिथे, आईचा तिथे, नोहेआचा स्वतःचाही तिथेच.

पण लिको पोटात असताना ज्वालामुखी फुटला, म्हणजे ज्वालामुखीची देवी पेले जागी झाली. लाव्हा उतरला तो थेट त्याच बाजूला, आणि लिको महिन्याची झाली तेव्हा कुठे थांबला.

त्या सकाळी बाटलीच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर दातांचे ओरखडे दिसले.

"उंदीर," टूटू म्हणाली. टूटू म्हणजे नोहेआची आजी, वय एक्याऐंशी. "उंदरानं पिको नेला की पोर चोर निघते. माझ्या चुलतभावाचा नेला होता. जन्मभर लोकांच्या कोंबड्या."

"मग उद्याच टेकाडावर नेते," नोहेआ म्हणाली.

"कुठलं टेकाड? पेलेनं नेलं ते. मोकेमामाच्या बोटीवर जाशीलच ना उद्या, तिथनं समुद्रात सोड आणि मोकळी हो."

"नेलं हे पाहिलं कुणी?"

टूटूने कपाळाला हात लावला. "पेले घरी आली, आपण टेकाडाजवळची आपली झोपडी झाडून दिली, पानावर जेवण ठेवलं, निघून आलो. पाहुणीला वाढून झाल्यावर किती खाल्लंस म्हणून विचारतात का गं?"

 नोहेआने बाटली कामाच्या शर्टाच्या खिशात घातली, बटण लावलं. ती पर्यटकांची गाइड होती, आणि उद्याची सहल तिने मुद्दाम मागून घेतली होती. एका दिवसात जमीन, समुद्र आणि आकाश. त्या टेकाडाच्या जवळून तीन वेळा जायचं होतं. तीनातून एकदा तरी जमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला व्हॅनमध्ये सहा जण. दोन तरुण जोडपी, ती एकमेकांचेच फोटो काढत होती. आणि ओहायोहून आलेले हॅडली नवरा-बायको. हॅडलींनी दार लागायच्या आत विचारलं, "लाल लाव्हा किती वाजता दिसेल?"

"सध्या ज्वालामुखी शांत आहे, सर. पण तयार झालेली नवी जमीन..."

"जमीन आमच्याकडेही आहे."

मागून मिसेस हॅडली म्हणाल्या, "यांच्याकडे लक्ष नका देऊ. हे लग्नातसुद्धा असेच होते."

रस्ता जिथे संपतो तिथे आता लाव्ह्याची भिंत आहे, दोन माणसं उंच. अलीकडे अडसर, खुर्ची, आणि खुर्चीत ब्रायसन. शाळेत नोहेआच्या मागच्या बाकावर बसायचा. आता सरकारी पिवळं जाकीट घालून लोकांना मागे फिरवतो. पर्यटकांना भिंतीच्या पायथ्याच्या दोरीपर्यंत दोनशे पावलं जाता येतं. दोरीच्या पलीकडे, पूर्वी चालत वीस मिनिटांवर, ते टेकाड.

नोहेआने माणसं दोरीपाशी नेली, काय बोलायचं ते बोलली, काळ्या दगडाच्या दोऱ्यांसारख्या वळ्या दाखवल्या, खिशात एकही दगड टाकू नका असं तीनदा बजावलं, आणि मग ब्रायसनकडे आली.

"चाळीस मिनिटं. पळत जाते, पळत येते."

"नाही."

"ब्रायसन, पिको आहे रे."

त्याने मान खाली घातली. पिको म्हटल्यावर त्यालाही सांगायला काही लागत नव्हतं. "खाली अजून गरम आहे. परवा एकाच्या बुटाचा तळ सुटला. वरून पापुद्रा, आत पोकळ. तू आत गेलीस तर काढायला कोण जाणार? मीच. आणि माझ्या आईला काय सांगू?"

"तुझ्या आईला मी सांगेन."

"तू आत असशील ना!"

तेवढ्यात मागून आवाज आला. "मॅडम! माझा गुडघा!" हॅडली एका भेगेच्या कडेला बसले होते, पाय धरून. काही झालेलं नव्हतं, पण त्यांना हात देऊन व्हॅनपर्यंत आणण्यात नोहेआचा उरलेला सगळा वेळ गेला. जाताजाता तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे दिसत काही नव्हतं, नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. एवढ्या जवळ येऊन, आणि भिंतीला हात टेकून परत! तिला दगडाला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, पेलेचा दगड.

धक्क्यावर पोचल्यावर माणसं मुसुबी खायला बसली, भातावर मांसाचा काप आणि समुद्री शेवाळाची पट्टी. नोहेआने व्हॅनच्या मागच्या सीटवर टॉवेल आडवा धरून दूध काढलं. लिको या वेळी प्यायची. यंत्राची घरघर ऐकून बाहेरून एक तरुण म्हणाला, "टायरमध्ये हवा भरताहेत वाटतं." नोहेआला रडू आणि हसू दोन्ही आलं, आणि त्या धक्क्याने नेमकं चमचाभर दूध सांडलं.

बोट मोकेमामाची. मोके टूटूचा धाकटा मुलगा, गेंड्यासारखा आडवा, मनाने मेणासारखा. तिने सुकाणूजवळ जाऊन हळूच सांगितलं.

"मला होड्यांच्या जुन्या उतारावर सोड, मामा. दहा मिनिटं."

"कुठला उतार?" मोकेने हनुवटीने किनारा दाखवला. जिथे वाळू होती तिथे काळा कडा उभा होता, आणि लाटा त्याच्यावर आपटून वर उडत होत्या. "हे सगळं नवं आहे. वरून घट्ट, खालून पोखरलेलं. कधी एखादा तुकडा घराएवढा गळून पडेल, सांगता येत नाही. माझ्याकडे सहा माणसं आहेत, आणि एक भाची."

"पोहून जाते."

"जा. आणि वर चढणार कशी? नखांनी?"

"तुला टेकाड दिसतं का इथनं? इथेच कुठेतरी आहे ना?"

"नोहेआ." मोकेने तिच्याकडे न बघता म्हटलं. "लाव्हा उतरत होता तेव्हा मी रोज संध्याकाळी इथे येत होतो. सगळं लाल होतं. डावीकडून उजवीकडे, सगळं. त्यात टेकाड कुठलं राहणार?"

"पण पाहिलं नाहीस."

"लालच्या आत काय बघू? घे, इथे सोड पिको. समुद्रही आपलाच आहे. तुझ्या मामीकडचे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातच टाकतात. काय वाईट झालं त्यांचं?"

"मामीच्या माहेरचे सगळे कोळी आहेत."

"मग?"

"मग लिकोचं आयुष्य जाळी टाकत जाऊ दे?"

"मी जाळी टाकत नाही का?" मोकेला लागलं.  नोहेआने खिशाचं बटण उघडलं, बाटली हातात घेतली. समुद्र इतका निळा होता की टाकलेलं काहीही सुंदरच दिसलं असतं. तिने बटण परत लावलं. स्वतःवरच चिडली. आपण कसल्या हट्टाला पेटलोय, एका मनुक्यासाठी?

मिसेस हॅडली बोटीच्या कठड्यावर वाकून ओकत होत्या. नोहेआने त्यांची पाठ चोळली.

"मला हेलिकॉप्टर नको," त्या कण्हत म्हणाल्या. "मला जमीन हवी. ओहायोची असली तरी चालेल."

म्हणजे एक जागा रिकामी. एरवी गाइड खालीच थांबते. विमानतळावर वेंडलने, म्हणजे पायलटने, वही उघडली. "वजन?"

"विचारू नकोस."

"विचारावंच लागतं. कुणाला कुठे बसवायचं ते वजनावर ठरतं."

"बाळंतपणाआधीचं लिही ना."

"हेलिकॉप्टर आताचं उचलणार आहे, ताई." त्याने काट्याकडे बोट केलं. ती उभी राहिली. वेंडलने आकडा मोठ्याने न वाचता वहीत लिहिला, एवढा तो शहाणा होता. उजवीकडे, खिडकीशी बसवलं.

वरून सगळा उतार काळा होता. एका डोंगराच्या खांद्यावरून कुणी डांबराचं पिंप उलटं केलं होतं आणि डांबर समुद्रापर्यंत गेलं होतं. काळ्यावर वाफेच्या बारीक रेघा. लाल कुठेही नाही.

"लाव्हा कुठंय?" कानातल्या फोनमधून हॅडलींचा आवाज.

"संपला, सर," वेंडल म्हणाला.

"एवढे पैसे घेऊन?"

"पैसे हेलिकॉप्टर उडवायचे आहेत, सर. लाव्हा पेले आणते, तिच्या मर्जीनं."

नोहेआ काच पुसत होती. कुठला रस्ता, कुठला किनारा, काही ओळखू येईना. जुनं टोक गेलं होतं, नवं टोक आलं होतं. लहानपणी हजारदा पाहिलेली जागा आणि एकसुद्धा खूण नाही. छाती भरून आली, शर्टावर दुधाचे दोन डाग पडले. घरी लिको रडत असणार.

"वेंडल, जरा समुद्राकडून घे. जिथे नारळ होते."

"नारळ नाहीत आता."

"घे रे."

हेलिकॉप्टर कलंडलं. काळ्याच्या मधोमध एक हिरवा डाग होता. एखाद्या मैदानाएवढा. लाव्हा वरून दोन फाट्यांनी आला होता, डागाला वळसा घालून खाली पुन्हा मिळाला होता. हिरव्यात झुडपं, आणि झुडपांतून वर आलेला एक, उन्हात करडा दिसणारा, गुळगुळीत, बेडकाच्या पाठीसारखा फुगलेला उंचवटा.

तिने काचेवर बोट टेकवलं.

"उतर," ती म्हणाली. "वेंडल, उतर तिथे."

"वेड लागलंय का? परवानगी लागते. माझं लायसन्स जाईल."

"पाच मिनिटं."

"पाच सेकंद नाहीत. अगं, मला नाही का कळत? पण नाही."

"काय आहे तिथे?" हॅडलींनी वाकून पाहिलं. "झुडपं?"

"हो," नोहेआ म्हणाली. "झुडपं."

वेंडलने आणखी एक फेरी मारली. तिने ते सगळं डोळ्यांत भरून घेतलं: फाट्यांमधलं अंतर, रस्त्याकडची भिंत, भिंतीपासून हिरव्यापर्यंतची काळी पट्टी कुठे अरुंद आहे ते. मग हेलिकॉप्टर वळलं.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. टूटू ओसरीत लिकोला मांडीवर घेऊन बसली होती, दोघींचेही चेहरे रडून लाल.

"सोडलास?" टूटूने विचारलं.

"टेकाड आहे, टूटू."

"काय?"

"आहे. जसंच्या तसं. लाव्हा दोन्हीकडनं वळसा घालून गेला. मी वरून पाहिलं."

नोहेआला वाटलं होतं टूटू मिठी मारेल. टूटूचा चेहरा कडक झाला. "आणि मी चार महिने कुणासाठी रडले?"

"मला काय विचारतेस? मामा म्हणाला गेलं, तू म्हणालीस गेलं. कुणी बघायला गेलं का?"

"बघायला जायचं नसतं!"

"म्हणूनच तर!" नोहेआचा आवाज चढला, दिवसभराचं सगळं त्यात आलं. "दोरीच्या पलीकडे वीस मिनिटं, टूटू. वीस! ब्रायसन सोडेना, मामा सोडेना, वेंडल उतरेना. आणि घरातलं कुणी परवानगी मागायलाच गेलं नाही, का तर आपणच निरोप देऊन बसलो. लोकांनी परवानग्या मागितल्या. आपण पानावर जेवण ठेवून आलो!"

लिको दचकून रडू लागली. नोहेआने तिला घेतलं, सरळ शर्टच वर केला आणि भिंतीला टेकून बसली. लिको ओढून ओढून पिऊ लागली.

 टूटू म्हणाली, "उद्या मोकेला सरकारी कचेरीत पाठवते. माझ्या नावानं अर्ज कर म्हणावं. देतील तेव्हा देतील."

"महिने लागतील."

"लागू देत." ती सरकत जवळ आली. "पण तेव्हा माझे पाय चालणार नाहीत. तूच जाणार. आणि तिथे वाट्या शंभर आहेत, कोरलेल्या, न कोरलेल्या. कुठल्या आपल्या ते तुला ठाऊक आहे?"

नोहेआला ठाऊक नव्हतं. नेहमी टूटूच पुढे चालायची.

लिकोचं पोट भरलं होतं, डोळे पेंगत होते. टूटूने तिला मांडीवर उताणं घेतलं, अंगातलं झबलं वर केलं, आणि आपलं सुरकुतलेलं बोट त्या गोल, तट्ट पोटावर टेकवलं.

"हे टेकाड समज. समुद्र माझ्याकडे. हा मधला मोठा खळगा, हा माझ्या आजीचा. त्याच्या डोंगराकडच्या बाजूला दोन बोटं, हा माझा. माझ्याखाली तिघं भाऊ, ओळीनं. मग वळायचं. इथे तुझी आई. इथे तू." बोट बेंबीच्या जरा डावीकडे आलं. "आणि तुझ्या शेजारी ही एक. मीच कोरून ठेवली होती, तू लग्न केलंस त्या वर्षी."

गुदगुल्या होऊन लिको झोपेतच हसली.

"थांब," नोहेआ म्हणाली. "पुन्हा दाखव. आजीच्या खळग्यापासून."