वीतभर वरून

बांगडी गल्लीतल्या माणसापासून कोणी वीतभर अंतर राखलं, की त्या माणसाच्या पायाखालची जमीन वीतभर खाली जायची. मालनबाईंना यात आता नवल वाटत नसे. त्यांच्या लग्नाच्या वेळी ही गल्ली रस्त्याच्या बरोबरीनं होती. दारात बसलेल्या तृतीयपंथी बायका येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याची मस्करी करायच्या. पुढे पुढे रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यांचे भांग तेवढे दिसायला लागले. आता तेही दिसत नसत. टाळ्या मात्र ऐकू यायच्या, आडातून यावा तशा.

चंद्रानानी सगळ्यांत खोल होती. गल्लीतली ती सर्वांत जुनी गुरू, म्हणून सगळे तिला नानी म्हणत.

ती पहिल्यांदा वीतभर खाली गेली तो दिवस मालनबाईंना आठवत होता. त्यांच्या थोरल्याचं बारसं होतं. घुगऱ्यांचा वास घरभर सुटला होता. तेव्हा चंद्रा तरणीताठी होती. हिरवं इरकल नेसून, केसांत अबोली माळून ढोलकीसकट दारात आली. पाळण्याशी वाकून म्हणाली, "राजाला जरा मांडीवर घेऊ?"

सासूबाई म्हणाल्या, "आशीर्वाद दे की. पण वरूनच. हात नको लावूस."

चंद्रानं बाळाच्या टाळूवर हात धरला, वीतभर वर. भरभरून आशीर्वाद दिला आणि बोलता बोलता ती सारवलेल्या जमिनीत घोट्यापर्यंत खाली गेली. सगळ्यांनी पाहिलं. मालनबाईंनी तिची ओटी भरली तेव्हा त्यांना थोडं वाकावं लागलं.

त्यानंतर किती घरांत किती बारशी झाली. आजारपणात नानीला दवाखान्यात नेलं, तर खाट तिथल्या फरशीखाली गेली आणि डॉक्टरांनी वरूनच विचारलं, काय होतंय. तिला पुन्हा तिच्या खोलीत आणलं. खोली तोवर विहिरीसारखी झाली होती. नानीची चेली रेशमा, तीही आता पन्नाशीची, कुदळ घेऊन कडेच्या मातीत पायऱ्या खोदत असे. जमीन खाली गेली की आणखी एक पायरी. दिव्याची वायर तिनं तीनदा जोडून लांबवली होती.

मालनबाईंनी सारा जन्म इस्पितळात मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून काढला होता. निवृत्त झाल्यावरही त्या नानीकडे येत. माघात एकदा नानी म्हणाली, "मालन, मी जगाच्या लेकरांना आशीर्वाद दिले. माझ्या डोक्यावर एकदा गुरूनं हात ठेवला होता, ती गेली. जाण्याआधी अजून एक हात हवा बघ."

"मी ठेवते की."

"तुझा नको. तू घरचीच. देवाच्या माणसाचा हवा. कुठल्याही देवाचा चालेल, मी काही निवडून घेणार नाहीये."

म्हणून मालनबाईंनी शिबिर घेतलं. गल्लीच्या टोकाच्या समाजमंदिरात तीन देवाची माणसं आली: पाद्री रूबेन ओहोळ, कीर्तनकार निवृत्तीबुवा घोलप आणि हाफिज शब्बीर मुल्ला. तिघंही सज्जन. ज्यांच्या दाराशी कोणी जात नाही अशा माणसांशी कसं बोलावं, कसं बसावं, हे शिकायला आपणहून आली होती. मालनबाई शिकवत, आधी ऐका. उत्तर द्यायची घाई करू नका. समोरच्यापेक्षा उंच बसू नका. मग हात. शब्द शेवटी, आणि नाही सुचले तरी चालेल. सरावाला ते एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवत. बुवांचा हात पाद्रीबाबांच्या डोक्यावर, पाद्रीबाबांचा हाफिजजींच्या टोपीवर. हात अलगद जाऊन टेकायचे. एकदा हाफिजजी बुवांच्या डोक्यावर हात ठेवून गप्प बसले, तर बुवा ओक्साबोक्शी रडले.

"माउली, हे एवढं सोपं होतं," बुवा नाक पुसत म्हणाले.

शिबिर संपलं त्या दुपारी मालनबाई तिघांना नानीच्या खोलीशी घेऊन गेल्या. चपला वर काढून सगळे पायऱ्या उतरले. ऊन सरळ खाली पडत होतं. तळाशी गोधडीवर नानी बसली होती. तिनं केस धुतले होते, तेल लावलं होतं आणि भांग मधोमध पाडला होता.

तिघं तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी ऐकलंही, अगदी शिकवलं होतं तसं. नानी बराच वेळ बोलली. घर सोडल्याचं बोलली, मग आईनं करून दिलेल्या तिळाच्या वड्यांचं. पाद्रीबाबांचे डोळे भरून आले. त्यांनी हात उचलला, डोक्याकडे नेला आणि तो वीतभर वर थांबला.

"हात जात नाही, बाई," ते म्हणाले.

"जोर लावू नका. नुसता सोडा."

"सोडलाय."

जमीन गेली. नानीची गोधडी नानीसकट खाली गेली. पाद्रीबाबा होते तिथेच राहिले.

बुवांनी प्रयत्न केला. त्यांचाही हात तिथेच थांबला. मग हाफिजजींनी. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात दाबून पाहिला. नानी आता त्यांच्यापासून उंच कट्ट्याएवढी खाली होती आणि मान वर करून बघत होती.

"मालन, कुठून गं धरून आणलीस ही?" ती म्हणाली. "तवा तापलाय का बघतायत जणू." तिनं टाळी वाजवली. मग तीच म्हणाली, "राहू द्या, बाबांनो. तुमच्या मनात नाही असं नाही. दिसतंय मला."

तिघं खालमानेनं वर निघून गेले. रेशमानं कुदळ उचलली आणि नव्या पायऱ्या खोदायला लागली. "दोन तरी होऊ देत, मावशी," ती मालनबाईंना म्हणाली. पण नानी खालून म्हणाली, "पाणी दे गं कुणीतरी," आणि तिचा आवाज असा आला, की मालनबाई थांबल्या नाहीत. तांब्या एका हातात धरून, पदर खोचून त्या अर्धवट पायरीवरून घसरतच खाली उतरल्या. गुडघा खरचटला.

नानी दोन घोट पाणी प्याली. तिसरा ओठावरून ओघळला. अंग तापलं होतं. मालनबाईंनी तांब्या बाजूला ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो मध्ये कुठेच थांबला नाही. केस ओलसर होते, टाळू गरम. जमीन हलली नाही.

"तुझा नको म्हटलं होतं ना," नानी म्हणाली.

"काढू?"

नानीनं डोळे मिटले. "राहू दे. ते तिघं येईपर्यंत ठेव."

वर खोलीच्या तोंडाशी तिघं उभे होते. खाली दोघी म्हाताऱ्या तशा बसलेल्या पाहून त्यांचा जीव गलबलला. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. तिघांनी हात पुढे धरले, उजेडात, दोघींच्या वर.

जमीन गेली. या वेळी वीतभर जाऊन थांबली नाही.

"हात मागे घ्या!" मालनबाई ओरडल्या.

वर तिघांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. रेशमाही ओरडली, कुदळ टाकून पायऱ्या चढत धावली. तिच्या शेवटच्या पायरीचा काठ मालनबाईंच्या डोळ्यांसमोरून वर गेला. मग दिवा वर गेला. वायर ताणली, तुटली. आकाश परातीएवढं झालं, मग ताटलीएवढं. त्यात तीन तळवे होते.

मालनबाईंनी हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी नानीला जवळ ओढून घेतलं. नानीचं अंग हलकं होतं, बारशाच्या बाळासारखं. तेलाचा वास येत होता.

"किती राहिलेत वर?" नानीनं डोळे न उघडता विचारलं.

मालनबाईंनी पाहिलं. तळवे दोनच होते.

पायऱ्यांवरून माती पडायला लागली. कोणीतरी उतरत होतं. अनवाणी पाय होते, धुळीनं भरलेले. इतक्या खालून ते कोणाचे हे कळत नव्हतं. एकेक पायरी करत ते रेशमानं खोदलेल्या शेवटच्या पायरीपर्यंत आले आणि थांबले. मग एक पाय खाली सुटला आणि अधांतरी, नसलेली पायरी चाचपू लागला.